टायरवरचं बाटिक

क्लेडुंग रस्ता, पाराकान
१२ नोव्हेंबर १९८९

प्रिय वाती,

घरी सगळे ठीक आहेत हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. सगळे ठीक आहेत. फक्त जुमादीची मिनिबस गेल्या गुरुवारी कोबीच्या शेतात जाऊन बसली. वळणावर पाऊस होता, त्याने ब्रेक दाबला, आणि गाडीने ते मनावर घेतलं नाही. नुकसान झालं ते कोबीचं आणि माझ्या नावाचं, कारण चारही टायर माझ्या हातचे.

तुझा भाऊ या रस्त्यावरचा एकमेव कलावंत आहे हे तू बेकासीला जाऊन विसरली असशील म्हणून सांगतो. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम चाकूने पुन्हा खाचा पाडून द्यायच्या, हे काम जावाभर हजार जण करतात. पण ते चार सरळ रेघा ओढतात आणि हात पुसून मोकळे होतात. माझ्यात आईचं रक्त. तिच्यासारखं कापडावर मेणाने बाटिक काढायचं मला कधी जमलं नाही हे खरं. मी हात लावला की कापडावर नक्षीऐवजी गोवर उठायचा. शेवटी आईच म्हणाली होती, "कार्सोनो, तुझा हात कापडाचा नाही. तू टायर कोर. टायर कोणी कमरेला गुंडाळत नाही." आशीर्वाद म्हणून मी तेवढ्यावरच चाललो आहे.

तर गेल्या एप्रिलपासून मी टायरवर कावुंग कोरतो. ताडगोळा आडवा कापल्यावर दिसतात तशा चार-चार बंद पाकळ्या, ओळीने, सबंध टायरभर. एका टायरला दोन दिवस लागतात. लोक चहाचा पेला घेऊन बघायला उभे राहतात. सबंध कोरड्या दिवसांत माझ्या टायरवरची एक गाडी घसरली नाही. पाऊस सुरू होऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच हा कोबी.

जुमादी बिचारा रागावला नाही. गाडी बाहेर काढल्यावर त्याने चाकावरून हात फिरवला आणि मोठ्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "कांग, नक्षी फार सुंदर आहे. या रस्त्याची तेवढी लायकी नाही." किती समजूतदार माणूस. मी त्याला समजावून सांगितलं की चूक त्याचीच, लवंगेची सिगारेट पेटवताना एक हात सुटला असणार. तो म्हणाला, असेल. पण बघायला येणारे लोक हल्ली चहा जरा लवकर संपवतात असं मला वाटतं.

आता मुद्दा. आपल्या लेस्तारीचं लग्न ठरल्याचं तुला कळवलंच आहे. तारीख निघाली: १४ जानेवारी, आपल्या जावाच्या पंचांगातला रविवार पाहिंग. नवऱ्याचं घर खिंडीपलीकडे, केर्तेकला. चाळीस माणसं जुमादीच्या दोन मिनिबसमधून खिंड उतरून जाणार, आणि दोन्ही गाड्यांचे आठच्या आठ टायर मी कोरून देणार. मुलीच्या लग्नात बापाची कला रस्त्यावर दिसली पाहिजे. फक्त भर पावसाचा महिना आहे, आणि लोकांच्या मनात कोबी बसलाय.

तू टायरच्या कारखान्यात चाचणी खात्यात अधिकारी. कारखान्याच्या छापील कागदावर दोन ओळी लिहून पाठव की ही नक्षी तपासली, उत्तम आहे. मी ती काचेत लावीन. नक्षीचा ठसा सोबत आहे. शाईऐवजी काजळी वापरली, म्हणून तुझ्या वहिनीची, पाइयेमची, एक चादर गेली.

तुझा,
कार्सोनो

बेकासी
२७ नोव्हेंबर १९८९

आदरणीय कांगमास,

तुम्ही "सगळे ठीक आहेत" अशी सुरुवात केलीत की मी पत्र बसून वाचत नाही, उभ्याने वाचते. कोबीच्या वेळी गाडीत कोण कोण होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. कोबीची चौकशी मी करणार नाही, माणसांची करते आहे.

लेस्तारीचं ऐकून फार आनंद झाला. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती झाडावरून उतरायला तयार नव्हती.

छापील कागदाचं जमणार नाही. इथे साधी पेन्सिल हवी तरी तीन सह्या लागतात. पण तुमचा ठसा मी आमच्या मोठ्या इंजिनियरांना, पाक हुतागालुंगना, दाखवला. ते बाटाक जमातीचे, तिकडे उत्तरेचे. तुम्हाला माहीत आहे ते लोक कसे तोंडावर बोलतात. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "सुरेख. याचा शर्ट शिवायला सांग." मी विचारलं, आणि टायर? ते म्हणाले, "टायरच्या बाबतीतच सांगतोय."

कांगमास, रागावणार नसाल तर थोडं सांगते. कोरड्या रस्त्यावर तुमच्या कावुंगने काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. कोरड्यात अगदी गुळगुळीत टायरसुद्धा छान धरतो. रबर जितकं टेकेल तितकं बरं. सहा महिने एकही गाडी घसरली नाही, त्याचं श्रेय रस्त्याला आहे. खाचा असतात त्या पाण्यासाठी. एक टायर रस्त्याला टेकतो ती जागा एका पावलाएवढी, आणि तेवढ्या जागेतलं पाणी पापणी लवायच्या आत बाजूला गेलं पाहिजे. ते गेलं नाही तर टायर पाण्यावर चढतो. मग चाक तुमच्या हातात असतं, ब्रेक पायाखाली असतो, फक्त गाडी तुमची नसते. वेग जितका जास्त तितका तो लवकर चढतो.

तुमच्या पाकळ्या चारी बाजूंनी बंद आहेत. पाणी आत येतं आणि लग्नाच्या पाहुण्यासारखं बसून राहतं. त्याला बाहेर पडायला वाट नाही. आमच्याकडचे चांगले टायर पाहिले तर लांबीने तीन-चार मोकळे पाट असतात आणि त्यांना जोडून कडेपर्यंत उघड्या तिरक्या खाचा. बघताना मला नेहमी बाटिकमधल्या परांगचे तिरके पट्टे आठवतात.

लग्नाच्या गाड्यांविषयी, जमल्यास, थोडा फेरविचार झाला तर बरं होईल असं मला नम्रपणे वाटतं. पण तुम्ही मोठे आहात, तुम्हाला जास्त कळतं.

मला लग्नाला येता येईल असं दिसत नाही. खात्याचा भार सगळा माझ्यावर असतो. वहिनीला चादर पाठवते आहे.

तुमची,
कादरवाती

क्लेडुंग रस्ता, पाराकान
१३ डिसेंबर १९८९

प्रिय वाती,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. शर्टाची ओळ सोडून. चादर पोचली; पाइयेम म्हणाली आता हिच्यावर एक डाग जरी पडला तरी तुम्ही अंगणात झोपायचं.

परांग. मला का नाही सुचलं? दोन रात्री मी उताणा पडून छताकडे बघत स्वतःला गाढव म्हणत होतो. शेवटी पाइयेम म्हणाली, मनातल्या मनात म्हणा, मला झोपायचंय.

पण अडचण तुला ठाऊक आहे. परांग म्हणजे राजवाड्याचं वस्त्र. एके काळी आपल्यासारख्यांनी ते नेसलं असतं तर दारातूनच हाकललं असतं. आणि लग्नात तर आजही कोणी परांग नेसत नाही, नवराबायकोत भांडणं लागतात म्हणून. पाइयेमने माझ्याकडे असं बघितलं की बस. "राजाचं वस्त्र चिखलातून फिरवणार? आणि तेही पोरीच्या लग्नाला?" मी म्हटलं, गाडी नेसणार आहे, नवरी नाही. ती म्हणाली, गाड्यांचीच भांडणं लागतील मग. मी एक सोमवार उपास केला, आईच्या कबरीवर फुलं वाहिली, पूर्वजांची माफी मागितली आणि चाकू तापवला.

आणि ऐक, इथे तुझ्या भावाची बुद्धी बघ. सोलोच्या राजवाड्याचं परांग एका बाजूला कलतं आणि योग्याच्या राजवाड्याचं दुसऱ्या. दोन्ही घराण्यांचं दोनशे वर्षं एकमत झालेलं नाही. मी डाव्या चाकांवर सोलो कोरलं आणि उजव्या चाकांवर योग्या. म्हणजे दोन्हीकडचं पाणी बाहेरच्या बाहेर जाणार. दोन्ही राजांना पहिल्यांदाच एका कामाला लावलं ते एका टायरवाल्याने. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की चहात मीठ घातलं आणि तसाच प्यायलो.

पाण्याला जागा हवी असं तू लिहिलंस, म्हणून खाचा चांगल्या खोल घेतल्या आहेत. इतक्या खोल की तळाशी बारीक विणकाम दिसायला लागलं, जाडसर कापडासारखं. मी म्हटलं, चला, बाटिकला कापडही मिळालं. आठापैकी सहा टायर झाले. दहा जानेवारीला दोन्ही गाड्यांना चढवायचे. जुमादीला दाखवले. तो म्हणाला, "कांग, शब्द नाहीत." डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

दारावर मी पाटी लावली आहे: टायर अधिकारी कादरवाती यांनी सुचवलेली नक्षी.

तू विचारलंस कोबीच्या वेळी गाडीत कोण होतं. लिहायचं राहून गेलं. बाजाराची माणसं होती पाच-सहा, आणि लेस्तारी. तिच्या हाताला प्लास्टर आहे, डावं मनगट. लग्नाआधी चार दिवस निघेल म्हणतात. दुखत नाही म्हणते.

तुझा,
कार्सोनो

बेकासी
२२ डिसेंबर १९८९, दुपार
जलद टपालाने

कार्सोनो,

आज आदराची बोली नाही. जन्मात पहिल्यांदा तुला अरेतुरे करते आहे, आई असती तर तिने माझं तोंड धुतलं असतं. पण त्या बोलीत मी मागचं पत्र लिहिलं आणि तू त्यातून हे ऐकलंस. म्हणून आता साधं ऐक.

ते टायर गाडीला लावू नकोस. त्या गाडीत बसू नकोस. कोणाला बसवू नकोस.

तळाशी जे विणकाम दिसलं ते टायरचं हाड आहे. त्याच्यावरच सगळा टायर उभा असतो. वर रबर असतं ते त्याला झाकायला आणि झिजायला. ते झिजून गेलं की टायर संपला. खाच पाडायची तर मुळात रबर हवं, कारखान्यातून जाड येतं ते. तुझ्याकडे येतात त्या टायरांवर ते उरलेलंच नसतं. परांग काढ, कावुंग काढ, नाहीतर साधी रेघ ओढ, तू नसलेल्या रबरात कोरतो आहेस. आता त्या धाग्यांपर्यंत पाणी जाईल, ते कुजतील, आणि चाळीस माणसं भरून खिंडीच्या उतारावर गाडी तापली की टायर फाटेल. घसरणं त्यापेक्षा परवडलं. परांगचं मी लिहायलाच नको होतं. ती चूक माझी.

तू म्हणशील, ही कागद पाहणारी बाई, हिला रस्त्याचं काय कळतं. म्हणून दुसरं सांगते. मी अधिकारी नाही. कधीच नव्हते. चाचणीचा जो रस्ता आहे त्यावर पाणी सोडायचं असतं, ठराविक जाडीचं. तो नळ मी सोडते. नऊ वर्षं. पायात रबरी बूट घालून दिवसभर घोटाभर पाण्यात उभी असते. पहिल्या वर्षी तू सगळ्यांना अधिकारी म्हणून सांगितलंस, मी दुरुस्त केलं नाही, मग ते इतकं वाढलं की मला घरी येणंच बंद करावं लागलं. सहा वर्षं मी रजा मिळत नाही म्हणून लिहिते. रजा मिळते.

पण कार्सोनो, मी नऊ वर्षं गाड्या घसरताना बघते आहे. रोज तीस-चाळीस वेळा. चांगला टायर पाणी फाडत येतो, त्याचा आवाज वेगळा असतो, कडेला दोन्हीकडे फवारा उडतो. गुळगुळीत टायर आवाजच करत नाही. शांतपणे येतो आणि शांतपणे पुढे निघून जातो, आणि आत बसलेल्या माणसाचा चेहरा मला दिसतो. आमच्याकडे पुढे वाळूचा ढीग आहे. खिंडीत काय आहे ते तुला माहीत आहे.

लेस्तारीचा हात मोडला आणि तू ते पत्राच्या शेवटी लिहितोस.

जुमादीला सांग. आडून नको, हसत हसत नको, नक्षीची गोष्ट सांगत सांगत नको. सरळ सांग.

वाती

क्लेडुंग रस्ता, पाराकान
२० जानेवारी १९९०

प्रिय वाती,

महिनाभर उत्तर नाही म्हणून तू काय काय चिंतलं असशील ते मी ऐकून घ्यायला तयार आहे. सगळे ठीक आहेत. या वेळी खरंच आहेत, आता बसून वाच.

तुझं पत्र मी न्हाणीघरात जाऊन वाचलं. नंतर तुझी तार आली, "बसू नको बसवू नको", आणि पोस्टमनने ती चौकातूनच ओरडत आणली. मला वाटलं चला, आता सगळ्यांना कळलंच, मला बोलावं लागणार नाही. पण कोणी काही विचारलं नाही. सगळे माझ्याशी जास्तच गोड बोलायला लागले.

मग मी जुमादीला सांगायला गेलो. तीनदा गेलो. पहिल्यांदा म्हटलं, "या वर्षी पाऊस फार आहे, नाही?" तो म्हणाला, फारच. दुसऱ्यांदा म्हटलं, "जुन्या गोष्टींना कधीतरी विश्रांती द्यावी म्हणतात." तो म्हणाला, "खरं आहे कांग, तुम्ही थकला आहात," आणि मला तळलेली केळी खायला घातली. तिसऱ्यांदा अगदी ठरवून गेलो आणि म्हटलं, "तुला माझ्या टायरबद्दल काही शंका असेल तर मला वाईट वाटणार नाही." त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "कांग, माझ्या मनात असं कधी येईल का?" घरी येताना मी रस्त्यातल्या एका म्हशीला सगळं सरळ सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

दहा तारखेला ठरल्याप्रमाणे आठही टायर चढले. मीच चढवले, वाती. एकेक नट मीच आवळला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

तेरा तारखेला, लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी, अंगण माणसांनी भरलं होतं आणि धो धो पाऊस चालू होता. मी बाटिकची लुंगी कमरेला, डोक्याला पगडी अशा थाटात पाहुण्यांना चहा देत होतो. लेस्तारी आत होती. अंगाला उटणं लावून बसवली होती, तिने बाहेर यायचं नव्हतं. पाइयेम मला म्हणाली, "उद्या लेस्तारीला गाडीत पुढे बसवू, तिला वळणाचा त्रास होतो." तिथे माझं काहीतरी तुटलं. मी पेले खाली ठेवले. सांगता येत नव्हतं, म्हणून ठरवलं की दाखवू. तुझीच नोकरी केली मी. शाळेपुढच्या सरळ रस्त्यावर चुन्याची पिशवी आडवी ओतली. पावसात ती वाहून जात होती तरी रेघ दिसत होती. जुमादीला म्हटलं, गाडी रिकामी कर, मी तुझ्या शेजारी बसतो. पन्नासने आण आणि रेघेवर ब्रेक दाब.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण नाही म्हणाला नाही. आमच्याकडे नाही कोण म्हणतं?

तू लिहिलंस ते तंतोतंत खरं. आवाजच झाला नाही. रेघ गेली, शाळेचं फाटक गेलं, जुमादी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता आणि गाडी आपल्या मनाने चालली होती. मग उजव्या बाजूला धाडकन आवाज झाला. योग्याचा राजवाडा फुटला. आम्ही गोल फिरलो आणि गावप्रमुखाच्या माशांच्या तळ्यात पुढच्या दोन चाकांनी उतरलो. तळं गुडघाभर. मी दार उघडून बाहेर पडलो, लुंगी सुटली, पगडी मागच्या बाजूला तोंड करून बसली, आणि सगळं गाव, व्याह्यांकडचे तीन पाहुणे धरून, काठावर छत्र्या घेऊन उभं.

तेव्हा सांगितलं मी. पाण्यात उभा राहून. "माझे टायर माणसं मारतील. उद्या यात कोणी बसायचं नाही. कोबीच्या वेळी चूक जुमादीची नव्हती. माझी होती." आयुष्यात एवढी छोटी वाक्यं मी कधी बोललो नव्हतो.

मग जुमादी गाडीतून उतरला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कांग, मला माहीत होतं."

कधीपासून? कोबीपासून. मुलीच्या लग्नात बाप आपल्या हाताने कोरून देतोय, त्याला कसं सांगायचं म्हणून तो दोन महिने झुरत होता. त्याने तुमंगुंगला राहणाऱ्या चुलतभावाकडून आठ टायर आणून ठेवले होते, कारखान्यातून नवं रबर चढवून आलेले, आणि ते नाताळपासून त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात पोत्याखाली होते. लग्नाच्या सकाळी पंक्चर झाल्याचं सोंग करून बदलायचे असं त्याने ठरवलं होतं. आठही चाकं पंक्चर, मी विचारलं, मला पटलं असतं? तो म्हणाला, "तुम्ही माझा मान राखला असता, कांग. विचारलं नसतं."

मग गावप्रमुख म्हणाले त्यांनाही माहीत होतं. चहावाल्याला माहीत होतं. मशिदीतल्या म्हाताऱ्याने तर नोव्हेंबरपासून बाजारात जाणं सोडलं होतं, गुडघ्याचं निमित्त सांगून. बाकीचे माझ्या टायरवर बसून रोज खिंड चढत-उतरत होते, प्रार्थना म्हणत, फक्त माझा चेहरा पडू नये म्हणून. मी काठावर बसलो आणि हसायला लागलो, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

नवरीने आदल्या दिवशी घराबाहेर यायचं नसतं. लेस्तारी अंगभर पिवळं उटणं घेऊन रस्त्यापर्यंत आली. मी तिला विचारलं, तुलाही माहीत होतं? ती म्हणाली, गाडी कोबीत आडवी झाली तेव्हा ती खिडकीतून बाहेर पडली होती आणि चाक तिच्या तोंडासमोर फिरत होतं. पाकळ्यांतून पाणी अजून बाहेर पडलेलं नव्हतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस ग? तर म्हणाली, "बाबा, तुम्ही किती मन लावून कोरलं होतं."

वाती, ते वाक्य मी रोज ऐकतो. हात मोडलेली पोर, आणि तिला माझी नक्षी जपायची होती.

खुराड्यातले टायर जुमादीने आणि मी मिळून चढवले. त्यांना कोंबड्यांचा वास होता. चौदा तारखेला इथे लग्न लागलं आणि चाळीस माणसं नवरा-नवरीला घेऊन त्याच गाड्यांतून खिंड उतरली. पाऊस होता, वळणं होती, आणि काहीच घडलं नाही. लेस्तारी नवऱ्याशेजारी झोपून गेली होती. केर्तेकला पोचल्यावर व्याही म्हणाले, "रस्ता कसा होता?" आणि मी म्हटलं, "रस्ता चांगला होता. टायर दुसऱ्यांचे होते."

चाकू मी गावातल्या लोहाराला दिला. आता लोक टायर घेऊन येतात आणि मी खाचेत काडी घालून किती उरलं आहे ते बघतो, आणि सांगतो, हा मेला, हा चालेल. पहिले दोन दिवस "हा जरा दमलाय" असंच तोंडातून यायचं. आता जमतं. पाटी काढली.

पाटी काढताना तुझंही सांगून टाकलं. म्हटलं, एकदा तोंड उघडलंच आहे तर उघडंच राहू दे. चौकात उभा राहून म्हणालो, माझी बहीण अधिकारी नाही, ती चाचणीच्या रस्त्यावर पाण्याचा नळ सोडते, आणि तिच्यामुळे तुम्ही चाळीस जण जिवंत आहात. मी तयार होतो, कोणी हसलं तर दोन द्यायच्या म्हणून.

जुमादी जमिनीकडे बघायला लागला. चहावाला पेला पुसत राहिला. मग जुमादी म्हणाला की त्याचा चुलतभाऊ आठ वर्षांपूर्वी रबर घेऊन तुमच्या कारखान्यात आला होता, तेव्हा त्याने तुला रबरी बुटात पाहिलं होतं. तेव्हापासून गावात सगळ्यांना माहीत आहे. तुला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही.

सहा वर्षं तू आली नाहीस, वाती. आणि इथे सगळे वाट बघत होते ती नळवालीचीच.

तुझा,
कार्सोनो